तुम्ही विचारलंत म्हणून: आईबाबांना लिनक्स झेपेल का?

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला. तेव्हापासून नातेवाईक असोत की सोसायटीतले, विचारतात एकच: "जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकून देता ना? आमच्या आईबाबांना झेपेल का ते?"

लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी टाकता येणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम. ती वापरणं झेपतं. ब्राउझर, फोटो, प्रिंट, सगळं ओळखीचंच असतं. झेपत नाही ते इन्स्टॉलेशन, आणि ते त्यांच्या गळ्यात मारूही नये. इन्स्टॉलरचे निम्मे प्रश्न मेकॅनिकसाठी असतात, निम्मे मालकासाठी. डिस्कचं काय करायचं, हे मेकॅनिकने ठरवावं. नाव आणि पासवर्ड मालकाने. सगळं एका दमात विचारलं की माणूस बिचकणारच.

म्हणून हे प्रश्न मी वेगळे करतो. लिनक्सच्या अनेक प्रकारांपैकी मिंट, आणि त्यातली एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घेतो. दोन जीबी रॅम पुरते असं मिंटवाले सांगतात. मी चारच्या खाली हात घालत नाही. आधी फोटो-कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर, मग मिंट भरलेला पेनड्राइव्ह लावून मेनूतला 'ओईएम इन्स्टॉल' निवडायचा. हा पर्याय खरं तर कॉम्प्युटर बनवून विकणाऱ्यांसाठी. त्यात एक तात्पुरतं खातं तयार होतं आणि तिथे बसून मी अपडेट, प्रिंटर, कोडेक (गाणी-व्हिडिओ चालण्यासाठी लागतात ते) सगळं उरकतो. सिक्युअर बूट (सही असलेलंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) चालू असलं तर कधी रीस्टार्टनंतर मंजुरी मागणारी निळी स्क्रीन येते आणि दहा सेकंदांत कळ दाबली नाही तर निघून जाते. ती मी बघितलेली बरी. घरच्यांना वाटेल, गेला कॉम्प्युटर.

शेवटी डेस्कटॉपवरच्या आयकॉनवर क्लिक करून मशीन बंद करतो. पुन्हा सुरू केल्यावर ते नव्या कोऱ्या मशीनसारखं भाषा, कीबोर्ड, गाव, नाव, पासवर्ड एवढंच विचारतं आणि तात्पुरतं खातं आपोआप पुसून टाकतं. मावशीने इथे विचारलं, "आडनावासकट लिहू?" मग पासवर्ड कालनिर्णयच्या मागे लिहून ठेवला. मी काही बोललो नाही. घरात चोर शिरलाच तर तो कॉम्प्युटर उचलून नेईल, लॉगिन करत बसणार नाही.

कीबोर्ड मात्र सुरुवातीला इंग्रजीच ठेवायचा, नाहीतर पासवर्ड देवनागरीत टाइप होतो आणि दुसऱ्या दिवशी फोन येतो. मराठी नंतर जोडायची. इनस्क्रिप्ट (देवनागरीचा सरकारी कीबोर्ड) येत नसेल त्यांना 'मराठी कगप' द्या. 'क'साठी के दाबायचं, फार शिकवावं लागत नाही.

बाकी किरकोळ. अपडेट आपोआप होतील असं करतो, टाइमशिफ्टला आठवड्याला एक स्नॅपशॉट (काही बिघडलं तर सिस्टिम मागे नेण्यासाठीची प्रत) घ्यायला लावतो, पॅनलवरचं टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, काढतो. ज्याला हवं त्याला ते मेनूत सापडतंच.

टॅलीवर हिशेब ठेवणाऱ्यांना किंवा डिजिटल सहीचं टोकन रोज लागणाऱ्यांना मी सरळ नाही म्हणतो, त्यांचं काम विंडोजवर अडलेलं असतं. मग कोणीतरी सुचवतं, विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवा की शेजारी-शेजारी. स्वतःच्या मशीनवर खुशाल ठेवा. पण सत्तरीतल्या माणसाला रोज सकाळी काळ्या स्क्रीनवर "यातलं कोणतं?" असं विचारायचं, म्हणजे मेकॅनिकचा प्रश्न पुन्हा त्यांच्याच पुढ्यात. ते मी करून देत नाही.