घेऊ का हे पुस्तक?

तुम्ही विचारलंत म्हणून. पुण्यात अप्पा बळवंत चौकातलं दुकान असो की डिसेंबरात फर्ग्युसन कॉलेजच्या मैदानावर भरणारा पुस्तक महोत्सव, हातात जाडजूड थ्रिलर, प्रेमकथा नाहीतर फँटसी धरून माणसं हमखास विचारतात, "तुम्ही हे सगळं वाचता, तर सांगा ना, हे घेऊ का?" एका पुस्तकापुरतं हो किंवा नाही सांगता येतं. पण पुढच्या वेळी मी शेजारी नसेन, म्हणून दुकानात उभ्याउभ्या दहा मिनिटांत पुस्तक कसं पारखायचं तेच सांगते.

पहिलं पान वाचून पुस्तक घेऊ नका. लेखकाची आणि संपादकाची सगळ्यात जास्त मेहनत तिथंच झालेली असते. ऑनलाइन मिळणारा नमुनाही सुरुवातीचाच असतो. पुस्तक बिघडतं ते पुढं कुठंतरी, आणि नेमकं कुठं ते प्रकारावर ठरतं. थ्रिलर प्रकरणांच्या सांध्यात उसवते, प्रेमकथा पाऊण भाग सरल्यावर, फँटसी तिसाव्या ते ऐंशीव्या पानाच्या दरम्यान. म्हणून हातात काय आहे ते बघायचं आणि तीच जागा उघडायची.

थ्रिलरपासून सुरू करू, कारण सगळ्यात जास्त फसगत तिथं होते. मधलं कुठलंही प्रकरण काढा. त्याच्या शेवटच्या चार ओळी वाचा आणि लगेच पुढच्या प्रकरणाच्या पहिल्या चार. असे पाच सांधे तपासा. प्रकरण संपताना मध्यरात्री कडी वाजली, नायिकेचा श्वास अडकला, आणि पान उलटल्यावर दारात पार्सलवाला निघाला, तर ती भीती फुकटची होती. पाचांत एखादा सांधा असा निघाला तर हरकत नाही. दोन निघाले तर पुस्तक खाली ठेवा. प्रकरणाच्या शेवटी खोटा धक्का देणाऱ्याकडं खऱ्या धक्क्याचं सामान कमी असतं, आणि कादंबरीचा शेवटही तो असाच उरकतो. दोन निवेदक आलटून पालटून बोलत असतील तर सांधा लगेच पुढच्या प्रकरणात नसतो, एक प्रकरण सोडून त्यापुढं असतो. तिथं बघा, नाहीतर चांगल्या पुस्तकावर उगाच काट बसेल.

दुसरी कसोटी दुकानात लागत नाही, वाचून झाल्यावर लागते. पण तीच खरी कसोटी. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मगुरू-लेखकानं 1929 मध्ये रहस्यकथेसाठी दहा नियम मांडले. पहिला नियम असा: गुन्हेगाराचा उल्लेख कथेच्या सुरुवातीच्या भागात येऊन गेलेला हवा, पण ज्याच्या मनातले विचार वाचकाला कळलेत असं ते पात्र नको. नियमाचा पहिला अर्धा आजही अढळ आहे. दोनशेव्या पानावर उगवलेला चुलतभाऊ खुनी निघाला तर ती वाचकाशी लबाडी आहे. दुसरा अर्धा मात्र गेल्या दहा-पंधरा वर्षांतल्या लोकप्रिय थ्रिलरनी मुद्दाम मोडला आहे. 'मी' म्हणून बोलणारं पात्रच काहीतरी दडवत असतं. माझा त्याला विरोध नाही, एक अट आहे. शेवट कळल्यावर मागं जाऊन तीच वाक्यं वाचली तर ती तेव्हाही खरी असली पाहिजेत. 'मी दिवा घालवला आणि बाहेर पडले' यात दिवा घालवण्याआधीचं एखादं कृत्य गाळलेलं असेल, तर ते मौन झालं. पण 'मला काहीच ठाऊक नव्हतं' असं निवेदक स्वतःशी म्हणत असेल आणि त्याला सगळं ठाऊक असेल, तर ते खोटं झालं. मौन चालतं, खोटं चालत नाही. पुस्तक संपल्यावर तीन-चार मोक्याची पानं पुन्हा काढून हे ताडून बघा. त्या लेखकाचं पुढचं पुस्तक घ्यायचं की नाही ते तिथंच ठरेल.

आणि धक्का म्हणजेच थ्रिलर असंही नाही. जपानी लेखक केइगो हिगाशिनो यांच्या 2005 मधल्या 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स' या कादंबरीत खून कुणी केला ते सुरुवातीलाच डोळ्यांसमोर घडतं. प्रश्न उरतो तो एवढाच की तो लपवला कसा. उत्तराचे सगळे तुकडे वाचकाच्या हातात असतात आणि तरी ते जुळत नाहीत. गेल्या पंचवीस वर्षांतल्या लोकप्रिय रहस्यकादंबऱ्यांत इतकी चोख बांधणी मला फार थोड्या ठिकाणी दिसली.

आता मराठी अनुवादाचं. हे कुणी फारसं सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते. इंग्रजी थ्रिलरमध्ये तिरक्या अक्षरांत छापलेली छोटी प्रकरणं असतात, ज्यांत अनोळखी खुनी 'मी' म्हणून बोलतो. इंग्रजीत तो पुरुष की बाई हे शेवटपर्यंत झाकून ठेवता येतं. मराठीत 'मी गाडीत बसलो' किंवा 'बसले' म्हणावंच लागतं, आणि एका मात्रेनं निम्मे संशयित बाद होतात. जाणता अनुवादक तिथं मराठीच्याच व्याकरणाचा आधार घेतो. सकर्मक क्रियापदाचा भूतकाळ कर्माप्रमाणं चालतो: 'मी दार उघडलं, चाकू उचलला, तिला पाहिलं' यात बोलणारा कोण ते कळत नाही. 'मी जाईन', 'मी थांबेन' या भविष्यकाळातही कळत नाही, 'मी रोज तिथं जात असे' यातही नाही. अडचण होते ती 'गेलो-गेले', 'बसलो-बसले', 'बघतोय-बघतेय' अशा रूपांची. म्हणून अनुवादित थ्रिलर हातात आली की अशा एखाद्या निनावी प्रकरणाचं एक पान वाचा. अनुवादकानं लिंग उघड करणारी रूपं सफाईनं टाळली असतील, तर त्यानं काम मूळ पुस्तक कळून केलंय आणि बाकीचाही अनुवाद विश्वासाचा निघेल. सरळ 'गेलो' लिहून तो मोकळा झाला असेल, तर रहस्य त्याच पानावर सांडलं. मग ते पुस्तक इंग्रजीत वाचणंच बरं.

तपशिलातल्या चुकाही एक-दोन पानांत दिसतात. क्लोरोफॉर्मचा रुमाल नाकाशी धरला की माणूस दोन सेकंदांत कोसळत नाही, त्याला काही मिनिटं लागतात. आपल्याकडच्या कथेत अटक झालेला आरोपी चार-चार दिवस चौकीत बसून असेल आणि दंडाधिकाऱ्याचं नावही निघत नसेल, तर लेखकानं घरचा अभ्यास केलेला नाही. अटकेनंतर प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत आरोपीला हजर करावंच लागतं. हा नियम पाळला तर कथेतला ताण उलट वाढतो, कारण तपास करणाऱ्याच्या मागं घड्याळ लागतं.

प्रेमकथेसाठी पुस्तकाची एकूण पानं बघा आणि पाऊण हिश्शावर उघडा. 320 पानांचं असेल तर 240 च्या आसपास. बहुतेक लोकप्रिय प्रेमकथांत दोघांची ताटातूट इथंच होते. स्वतःला एकच प्रश्न विचारा: या दोघांनी 'वैशाली' हॉटेलात समोरासमोर बसून एक कॉफी संपेपर्यंत नीट बोललं, तर हे भांडण मिटेल का? मिटत असेल, तर उरलेली ऐंशी पानं लेखकानं नुसती ओढलेली आहेत. कुणाचा तरी अर्धवट ऐकलेला फोन, वाचायचा राहून गेलेला निरोप, जुन्या मैत्रिणीनं मारलेली मिठी, ही त्याची ठरलेली सोंगं. उलट दोघांच्या स्वभावातलं, परिस्थितीतलं काहीतरी आड येत असेल, म्हणजे एकीला घर सोडायचं नाही आणि दुसऱ्याला घरच नकोय, तर पुस्तक घ्या. इथं शेवट गोड होणार हे आधीच माहीत असतं, त्यामुळं सगळी मजा अडसर किती खरा आहे यावर असते.

नायक-नायिकेची प्रकरणं आलटून पालटून असतील, तर प्रकरणावरचं नाव बोटानं झाका आणि दहा ओळी वाचा. कोण बोलतंय ते कळलं नाही, तर दोन्ही आवाज लेखकाचेच आहेत.

मराठीत प्रेमकथा वाचताना आणखी एक जागा बघायची, जी इंग्रजीत नसतेच. 'तुम्ही'चं 'तू' कधी होतं? इंग्रजीतल्या एकाच संबोधनातून अनुवादकाला हा निर्णय स्वतःच्या जबाबदारीवर घ्यावा लागतो. ऑफिसातली वरिष्ठ आणि तिच्या हाताखालचा, किंवा प्राध्यापक आणि संशोधक विद्यार्थिनी, अशी जोडी पहिल्याच भेटीत 'तू' म्हणायला लागली, तर प्रेमाची निम्मी वाट तिथंच कापली गेली. आणि एका पानावर 'तुम्ही', पुढच्यावर 'तू', पुन्हा 'तुम्ही' असं होत असेल तर कुणी लक्षच दिलेलं नाही. चांगल्या अनुवादात ही अदलाबदल एकदाच होते, ठरवून, आणि वाचणाऱ्याच्या अंगावर शहारा येतो.

मुखपृष्ठांवर भरवसा ठेवू नका, हे आईवडिलांनी विशेष लक्षात घ्यावं. फिकट गुलाबी-निळं, चित्रातल्या जोडप्याचं मुखपृष्ठ बघून तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला पुस्तक भेट दिलं जातं. 'द लव्ह हायपोथेसिस'चं मुखपृष्ठ तसंच आहे, आणि आत एक प्रसंग पूर्णपणे मोठ्यांसाठीचा आहे. 'इट एंड्स विथ अस'चं मुखपृष्ठ फुलांचं आहे, विषय मात्र घरातल्या मारहाणीचा आहे. ती कादंबरी गंभीरपणे वाचावी अशी आहे, पण गोड प्रेमकथा म्हणून घेणाऱ्याला ती दुखावते, आणि मग चूक नसताना दोष पुस्तकाला दिला जातो.

फँटसीत पहिला अडथळा नावांचा. साधारण चाळिसावं पान उघडा आणि तुम्हाला न कळणारे शब्द मोजा: राज्यं, घराणी, देवता, शस्त्रं. पानाला चार-पाच ठीक. आठ-दहा असतील आणि त्यांतल्या एकानंही कुणी काही करत नसेल, नुसती ओळख चालली असेल, तर शंभराव्या पानापर्यंत हेच चालणार. 2023 च्या 'फोर्थ विंग'ची भाषा मला सामान्य वाटते, पण सुरुवात शिकण्यासारखी आहे. ड्रॅगनस्वारांच्या विद्यालयात प्रवेश घ्यायचा तर उंचावरच्या अरुंद दगडी पुलावरून चालत जावं लागतं, पडला तो मेला. त्या एका चालण्यात विद्यालयाचा निर्दयपणा, नायिकेची नाजूक शरीरयष्टी आणि तिचं डोकं, सगळं कळतं. माहितीचं पान वेगळं लावावं लागत नाही. (यातही मोठ्यांसाठीचे प्रसंग आहेत. ड्रॅगन दिसला म्हणून अकरा वर्षांच्या मुलाला देऊ नका.)

दुसरी गोष्ट जादूची मर्यादा. ती काय करू शकत नाही, आणि वापरणाऱ्याला काय मोजावं लागतं, हे संकट येण्याआधी सांगितलेलं असलं पाहिजे. सुटका झाल्यावर 'तिच्या रक्तात ही शक्ती होतीच' असं समजलं, तर वाचक तिच्यासाठी पुन्हा कधी घाबरणार नाही. मालिकेच्या दुसऱ्या भागात हे सर्रास होतं, कारण पहिल्या भागात सगळी शक्ती देऊन झालेली असते.

मालिकांचा संच एकदम घेऊ नका. 'फोर्थ विंग'ची मालिका पाच भागांची ठरवलेली आहे. दोन भाग 2023 मध्ये आले, तिसरा जानेवारी 2025 मध्ये. अपुऱ्या मालिकेत जीव अडकवायचा की नाही ते आधी ठरवा. अर्थात हे दुखणं नवं नाही. ज्या बाणभट्टाच्या 'कादंबरी'वरून आपण या साहित्यप्रकाराला नाव दिलं, तीही पुनर्जन्म, शाप आणि बोलका पोपट असलेली अद्भुत प्रेमकथाच आहे. बाण ती अपुरी ठेवून गेला आणि त्याच्या मुलानं ती पुरी केली. म्हणून 'हे असलं वाचता होय' असं कुणी म्हटलं तर मान खाली घालण्याचं कारण नाही. 1861 ची 'मुक्तामाला' ही हळब्यांची कादंबरीही अद्भुताचीच आहे, म्हणजे मराठी कादंबरी सुरुवातीपासून या वाटेनं चालत आली आहे.

विकत घ्यायचं की वाचनालयातून आणायचं? थ्रिलर एकदाच वाचली जाते, ती आणावी. पुण्यात 1848 पासूनचं नगर वाचन मंदिर आहे, 1911 पासूनचं पुणे मराठी ग्रंथालय आहे, नव्या अनुवादांची चौकशी आधी तिथं करा. फँटसीचा पहिला भाग आणून वाचावा, आवडला तर दुसऱ्यापासून विकत घ्यावी. प्रेमकथा पुन्हापुन्हा उघडली जाते, ती स्वतःची असावी.

रस्त्यावरच्या ढिगातून घेत असाल तर नकली प्रत ओळखा. कागदातून मागची अक्षरं दिसतात, मुखपृष्ठावरची उठावाची अक्षरं सपाट लागतात, बारकोड पुसट असतो, शाई अंगठ्याला लागते. अशा प्रतीत लेखकाला आणि अनुवादकाला एक रुपयाही मिळत नाही, आणि वाचकाचंही नुकसान होतं: छापखान्यात ज्याला फॉर्म म्हणतात ती 16 पानांची घडी गळालेली, उलटी लागलेली किंवा दोनदा आलेली सापडते. अस्सल प्रतीतही हे क्वचित होतं, म्हणून पैसे देण्याआधी पानांचे आकडे अंगठ्यानं भरभर सोडत शेवटपर्यंत बघून घ्या. थ्रिलर असेल तर नजर फक्त कोपऱ्यातल्या आकड्यांवर ठेवा, शेवटच्या पानांवरचा मजकूर तेवढा वाचू नका.