आठवीतून पुढे न गेलेल्या मुली

स्टोनीब्रुक या पुस्तकातल्या अमेरिकी गावात सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी साडेपाच वाजता मुलं सांभाळणाऱ्या शाळकरी मुलींच्या क्लबची मीटिंग भरते. क्लॉडिया किशीच्या खोलीत. क्लॉडियाकडे स्वतःचा फोन आहे, आईबाबांच्या फोनची जोडणी नव्हे, तिच्या एकटीचा वेगळा नंबर, म्हणून मीटिंग तिच्याकडे. अध्यक्ष क्रिस्टी डोक्याला व्हायझर आणि कानामागे पेन्सिल लावून खुर्चीत बसते, बाकीच्या पलंगावर नाहीतर जमिनीवर. सोमवारी वर्गणी गोळा होते आणि दर वेळी कुरकूर होते. क्लॉडिया उशीच्या अभ्र्यातून किंवा पलंगाखालून चॉकलेटं, चिप्स असं काहीबाही काढते. मग फोन वाजतो आणि गावातल्या कुठल्यातरी आईला शनिवारी संध्याकाळी मुलं सांभाळायला कुणीतरी हवं असतं.

'द बेबी-सिटर्स क्लब' ही अ‍ॅन एम. मार्टिन यांची मालिका. पहिलं पुस्तक १९८६ साली आलं. कल्पना त्यांच्या प्रकाशनसंस्थेतल्या संपादक जीन फायवेल यांची. ठरली होती चार पुस्तकं. मूळ मालिका १३१ वर जाऊन थांबली, २००० साली, आणि तिच्या अवतीभवती सुट्टीतले जाडजूड विशेष अंक, रहस्यकथा, धाकट्या बहिणीची वेगळी मालिका असा सगळा गोतावळा. एकूण खप १७ कोटींच्या वर. एकट्या बाईंच्यानं हे होणं शक्य नव्हतं. पहिली पस्तीसेक पुस्तकं त्यांची, पुढची बरीचशी इतरांनी त्यांच्या नावानं लिहिलेली. लहानपणी हे कळलं असतं तर फार राग आला असता. आता वाटतं, बिचाऱ्यांनी हात किती सारखे ठेवलेत.

ताईची मुलगी हल्ली ही मालिका चित्रकथांच्या रूपात वाचते. रेना टेल्गेमायर यांनी २००६पासून त्या चित्रकथा काढायला सुरुवात केली आणि आता दुसऱ्या चित्रकारांनी तो वसा पुढे चालवलाय. भाचीची चाळता चाळता मी मूळ पुस्तकांकडे वळले. नव्वदच्या दशकात ती आम्ही पुण्यात एका गाळ्यातल्या लायब्ररीतून आणायचो. खाकी कव्हरं, शेवटच्या पानावर तारखांचे शिक्के आणि क्रमाचा पत्ता नाही. जे पुस्तक परत आलं असेल ते घ्यायचं. त्यामुळे क्लॉडियाची जपानी आजी मिमी माझ्यासाठी आधी वारली (पुस्तक २६) आणि पुढच्याच आठवड्यात चहाचा कप घेऊन स्वयंपाकघरात बसलेली सापडली (पुस्तक ७). मला त्यात काही वावगं वाटलं नाही. पुढे कितीतरी दिवस ती अशी मधूनमधून मरत होती आणि पुन्हा 'माझी क्लॉडिया' म्हणून हाक मारत होती.

या वेळी क्रमानं वाचायचं ठरवलं. क्रमानं वाचलं की एक गोष्ट लक्षात येते, जी लायब्ररीवाल्या काकांच्या कृपेनं तेव्हा झाकली गेली होती. या मुलींची वर्षं पुढे सरकत नाहीत. पहिल्या नऊ पुस्तकांत त्या सातवीत असतात, मग आठवीत जातात, आणि तिथेच राहतात. उन्हाळे येतात, जातात. हॅलोवीन होतो, पुन्हा होतो, पुन्हा होतो. मॅलरी आणि जेसी या धाकट्या दोघी कायमच्या अकरा वर्षांच्या. कारण सरळ धंद्याचं आहे: दर महिन्याला नवं पुस्तक यायचं आणि वाचणाऱ्या मुली आठ ते बारा वयाच्या. नायिका कॉलेजात गेल्या तर त्या मुलींनी काय करायचं?

पण गंमत अशी की वय थांबलं तरी आयुष्य थांबलेलं नाही. क्रिस्टीची आई एका श्रीमंत घटस्फोटित गृहस्थाशी लग्न करते, सगळं कुटुंब हवेलीत राहायला जातं, मग व्हिएतनाममधून एक छोटी मुलगी दत्तक येते. स्टेसीला मधुमेह आहे. तिचे आईवडील विभक्त होतात. मेरी अ‍ॅनची आई ती तान्ही असतानाच गेलेली; तिचे अतिशय कडक वडील आपल्या शाळेतल्या जुन्या मैत्रिणीशी लग्न करतात आणि ती नेमकी मेरी अ‍ॅनच्या मैत्रिणीची, डॉनची, आई निघते. म्हणजे मैत्रिणी एका सकाळी बहिणी होतात आणि मग अर्थातच भांडायला लागतात. मिमी जाते आणि क्रमानं वाचलं तर परत येत नाही. हे सगळं चौदावा वाढदिवस न येता. एवढं सोसून कुणाच्या चेहऱ्यावर एक सुरकुती नाही, हे बघून चाळिशीतल्या वाचकाला थोडा मत्सर वाटतो.

आता डान्सबद्दल, कारण तेव्हा मी ही पुस्तकं आणायचे ती डान्ससाठीच. आमच्या शाळेत डान्स बसवला जायचा. गॅदरिंगच्या दीड महिना आधीपासून, बाईंच्या देखरेखीखाली, एकाच गाण्यावर, आणि त्यात मुलगे असतील तर ते शेवटच्या रांगेत कोळी म्हणून. कुणी कुणाला 'येतेस का' असं विचारण्याचा प्रश्नच नव्हता; वर्गात मुलींच्या रांगेतून मुलांच्या रांगेत पट्टी मागितली तरी आठवडाभर पुरेल एवढी चर्चा. त्यामुळे दहाव्या पुस्तकात सप्टेंबरच्या डान्सला लोगन नावाचा नवा मुलगा मेरी अ‍ॅनला विचारतो, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे झुंबरं, संगमरवरी जिना, गुळगुळीत लाकडी जमीन असं काय काय आलं होतं.

झुंबर नाही. जिना नाही. डान्स शाळेच्या जिममध्ये आहे. जिथे सकाळी बास्केटबॉल चालतो तिथे पताका लावलेल्या, कडेला शिक्षक उभे आणि घरी न्यायला पालक येणार. अर्धा वेळ मुली भिंतीला टेकून दुसऱ्या मुलींशीच बोलतात. मेरी अ‍ॅन नाचता नाचता पाय उडवते तो तिचा बूट सुटतो आणि भिंतीवर आपटतो. उरलेली संध्याकाळ ती बाकावर बसून काढते. खरी मजा त्याआधीच होऊन गेली आहे, मैत्रिणींसोबत कपडे घ्यायला जातात तेव्हा. शहरांची नावं छापलेला तो स्कर्ट मला नाचापेक्षा जास्त आठवतो, पॅरिस, रोम, लंडन. आणि डान्सनंतर काही प्रकरणांनी तिच्या वाढदिवसाची गुपचूप पार्टी ठरते, तेव्हा एवढी माणसं आपल्याकडे बघताहेत हे सहन न होऊन ती सरळ पळून जाते. हे पुस्तक मुळात लाजाळू मुलीचं आहे. प्रेमाचं ते कव्हरपुरतं.

तसं बघितलं तर डान्सची पुस्तकं तिथे थोडीच आहेत. घरातली भांडणं मात्र पानोपानी.

आणि त्यात सगळ्यात खरं भांडण क्लॉडिया आणि जनीनचं. जनीन मोठी, बुद्ध्यांक १९६, शाळेत असताना कॉलेजचे तास करणारी, समोरच्याचं वाक्य संपायच्या आत त्याचं व्याकरण सुधारणारी. क्लॉडिया चित्रं काढणारी, कानात विचित्र डूल घालणारी, स्पेलिंगच्या नावानं आनंद. आईवडिलांना आवडत नाहीत म्हणून रहस्यकथाही लपवून वाचणारी. अमेरिकेतल्या आशियाई मुलांनी गणितात हुशार असावं असा जो एक ठोकळा आहे, तो जनीनला देऊन टाकून लेखिकेनं क्लॉडियाला मोकळं सोडलं, आणि तिथल्या कितीतरी आशियाई मुलींना ती फार मोठी गोष्ट वाटली. इतकी, की पुढे त्यावर 'द क्लॉडिया किशी क्लब' नावाचा एक छोटा माहितीपटच निघाला, २०२० साली. हे मान्य करूनही सांगते, प्रत्येक पुस्तकाच्या दुसऱ्या प्रकरणात सगळ्या मुलींची ओळख नव्यानं करून देताना तिच्या बदामी डोळ्यांचं जे वर्णन यायचं, ते आता वाचवत नाही. दुसरं प्रकरण एकंदरीतच सोडून द्यावं. आम्ही तेव्हाही सोडायचो.

(बदामावरून आठवलं. प्रत्येकीचं हस्ताक्षर पुस्तकात वेगळं छापलेलं असायचं आणि स्टेसी 'आय'वर टिंबाऐवजी बदाम काढायची. आमच्या वर्गातल्या एकीनं मराठीच्या निबंधात सगळे अनुस्वार बदामाचे काढले होते. बाईंनी लाल शाईनं प्रत्येक बदामाला गोल केला आणि एक मार्क कापला.)

सातव्या पुस्तकाचं नाव इंग्रजीत जनीनला दुष्ट ठरवूनच येतं. क्लॉडिया मैत्रिणींसोबत उन्हाळ्यात लहान मुलांचं शिबिर चालवते. मिमीला अर्धांगाचा झटका येतो. तिला शब्द आठवत नाहीत, मधूनच जपानी येतं. आणि मग मिमीचं दिवसभराचं बघायचं कुणी, तर जनीननं. ती काय, घरातच असते, वाचत. कुणी तसा निर्णय घेत नाही. तसं होत जातं. क्लॉडिया संध्याकाळी येऊन चिडते की ही अशी तुसडी का वागते. शेवटी जनीनच्या खोलीत दोघींचं बोलणं होतं ते लहानपणी मी भराभर उलटलेलं पान असणार, कारण त्यातलं मला काहीही आठवत नव्हतं. नेटफ्लिक्सवर २०२० साली मालिका आली तेव्हा याच गोष्टीत त्यांनी आणखी एक भर घातली: झटक्यानंतर मिमी तिच्या लहानपणात जाते, आणि ते गेलंय महायुद्धाच्या काळात अमेरिकेनं स्वतःच्याच जपानी नागरिकांसाठी उघडलेल्या छावणीत. मूळ पुस्तकात हे नाही. असायला हवं होतं असं आता वाटतं.

आई बँकेत, बाबा फॅक्टरीत, आणि मे महिन्याच्या सुट्टीत मला कुणी बघायचं हा प्रश्न आमच्या घरी कधी पडलाच नाही, कारण ताई होती. माझ्याहून चार वर्षांनी मोठी. स्टोनीब्रुकच्या मुली तासाचे पैसे घ्यायच्या, डायरीत नोंदी करायच्या, आज मुलानं काय खाल्लं, किती रडला. ताईच्या डायरीत माझ्याविषयी काय नोंदी झाल्या असत्या याची कल्पना मला आहे. हे तिला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "पैसे अजून बाकीच आहेत."

आणि मग तिनं विचारलं, "दूध नासलं होतं ते टाकलंस ना, की तसंच फ्रिजमध्ये?"

मी एका कंपनीत माणसं कामावर ठेवते आणि काढते. माझ्या हाताखाली बारा जण आहेत. ताईसाठी मी जी काय असेन ती पाचवीच्या आसपास थांबले आहे. मागच्या वर्षी आईबाबांचा फ्लॅट विकायचा की भाड्यानं द्यायचा, यावर मी कागद करून, आकडे मांडून समजावत होते, तर "तू थांब गं, तुला नाही कळायचं," हे ज्या सुरात आलं तो सूर मी ओळखते. तो सूर सायकल शिकवतानाचा आहे. आणि खरं सांगायचं तर मीही त्या क्षणी आकडे सोडून दिले आणि म्हणाले, "नेहमी तुझंच चालतं." हेही वाक्य सायकलच्याच वेळचं. आमचीही लग्नं झाली, घरं झाली, एक आजी आणि दोन काका गेले, आणि आम्ही दोघी एकमेकींसमोर उभ्या राहिलो की नव्या इयत्तेत जातच नाही. प्रकाशकानं खपासाठी जे केलं ते भावंडं फुकटात करतात.

३३व्या पुस्तकात क्लॉडिया घरातले जुने फोटो धुंडाळते. जनीनचे ढीगभर, अल्बमच्या अल्बम. तिचे अगदी थोडे. झालं, आपण दत्तक आहोत अशी तिची खात्री पटते, आणि ती अख्खं पुस्तक पुरावे गोळा करत हिंडते. उत्तर इतकं साधं आहे की मी मोठ्यानं हसले: ती दुसरी. पहिल्या मुलाची जांभई टिपणारे आईवडील दुसऱ्याच्या वेळी दमलेले असतात, दोन मुलं सांभाळत असतात, कॅमेरा कुठल्या कपाटात ठेवलाय हे शोधायलाही सवड नसते. हे पान मी फोनवर टिपून ताईला पाठवलं. खाली लिहिलं, आपला अल्बम.

तिचं उत्तर आलं की माझ्या बारशाच्या वेळी छत्तीसचा रोल तिनंच संपवला होता, मांजराचे फोटो काढून, आणि त्यासाठी तिला मार पडला होता, तो मात्र कुठे नोंदलेला नाही. त्यापाठोपाठ दुसरा मेसेज: "आणि मी जनीन नाही हं. मी क्रिस्टी."

यावर बराच वाद झाला. तिच्या हुकूमशाहीचे पुरावे तिनं स्वतःच मांडले: सोसायटीतल्या मुलांचं लायब्ररी मंडळ तिनं काढलं होतं, उशीर झाला तर चार आणे दंड. मी म्हटलं, पण व्याकरण कोण सुधारायचं? ती म्हणाली, तुझं चुकायचं म्हणून. मी क्लॉडिया, असं मी जाहीर केलं, तर ती म्हणे तुला साधा आंबा काढता येत नव्हता. शेवटी निवाड्यासाठी भाचीला विचारलं. तिनं सगळ्या चित्रकथा वाचल्या आहेत, धाकट्या बहिणीच्या मालिकेच्या सकट. त्यातली केरन म्हणजे क्रिस्टीची सहा-सात वर्षांची सावत्र बहीण, सतत आरडाओरडा करणारी, शेजारची म्हातारी चेटकीण आहे असं गावभर सांगत सुटलेली.

"मावशी, तुम्ही दोघी केरन आहात," भाचीनं व्हॉइस मेसेज पाठवला आणि ती क्लासला गेली. पुस्तकातली केरन की इंटरनेटवरची, म्हणजे ऊठसूट तक्रार करणाऱ्या बाईला तिथे ज्या नावानं चिडवतात ती, हे विचारायला आम्हा दोघींपैकी कुणीच पुढे झालेलं नाही.