रदवा आशूर: लेखणी, वर्ग आणि अनुवाद

इजिप्शियन लेखिका रदवा आशूर यांचा परिचय बहुधा ‘ग्रनादा’ या कादंबरीची लेखिका म्हणून करून दिला जातो. मला मात्र त्यांचे अध्यापन आणि लेखन वेगळे काढता येत नाही. १९४६ साली कैरोत जन्मलेल्या आशूर यांनी १९७५ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात आफ्रिकन-अमेरिकन साहित्यावर डॉक्टरेट मिळवली आणि पुढे कैरोच्या ऐन शम्स विद्यापीठात इंग्रजी साहित्य शिकवले. पराभूतांचा इतिहास कोण लिहितो, हा प्रश्न त्यांच्या संशोधनात होता, तोच पुढे कादंबऱ्यांत उतरला.

हा प्रश्न त्यांच्या घरातही शिरला होता. १९७७ मध्ये इजिप्तचे अध्यक्ष सादात यांच्या इस्रायलशी समेटासाठीच्या जेरुसलेम भेटीच्या तोंडावर त्यांचे पती, पॅलेस्टिनी कवी मुरीद बरघूती यांना इजिप्तमधून हद्दपार केले गेले. मुलगा तमीम तेव्हा जेमतेम काही महिन्यांचा होता. बरघूती बुडापेस्टला स्थायिक झाले, आशूर कैरोत नोकरी सांभाळत राहिल्या आणि सुट्ट्यांत मुलाला घेऊन तिकडे जात राहिल्या. ही ताटातूट सुमारे सतरा वर्षे चालली.

१९९१ साली बगदादवर होणारी बॉम्बफेक दूरचित्रवाणीवर पाहताना त्यांना १४९२ मध्ये ख्रिस्ती राजसत्तेच्या हाती पडलेल्या, स्पेनमधील ग्रनादा या शेवटच्या मुस्लिम राज्याची आठवण झाली आणि त्यातून त्यांची ‘ग्रनादा’ ही त्रिखंडी कादंबरी उभी राहिली. तिच्यात राजे-सुलतान जवळजवळ नाहीतच. वृद्ध अबू जाफरचा पोटापाण्याचा धंदा पुस्तकबांधणीचा; चौकात अरबी ग्रंथांची होळी पेटते, तेव्हा त्याचे सारे आयुष्यच तिच्यात जळते. त्याची नात सलीमा वैद्यकाचे ग्रंथ लपवून वाचते, रोग्यांवर उपचार करते आणि अखेरीस कॅथलिक चर्चचे धर्मन्यायालय (इन्क्विझिशन) तिलाही जाळते. सलीमा गेल्यावर पुढच्या खंडांची पकड माझ्या मते थोडी सैलावते, तरीही पहिल्या खंडासाठी तरी ही कादंबरी वाचलीच पाहिजे.

अनुवादक म्हणून त्यांचे काम आकाराने लहान, पण विलक्षण नाजूक आहे. बरघूतींच्या कवितांचा त्यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २००८ साली प्रसिद्ध झाला. पतीच्याच कविता परभाषेत नेताना भावुकतेला वाव पुष्कळ होता, परंतु वर्गात वर्षानुवर्षे इंग्रजी कविता उलगडून दाखवणाऱ्या प्राध्यापिकेची शिस्त इथे त्यांच्या कामी आली असावी. त्यानंतर दोनच वर्षांनी, २०१० मध्ये, १९४८ साली उजाड झालेल्या तंतूरा या पॅलेस्टिनी गावातील एका स्त्रीच्या आयुष्यावरची त्यांची कादंबरी आली.