दीड व्होल्ट प्रभार

नववीच्या चाचणीत मी लिहिलं होतं, ‘टॉर्चच्या सेलमध्ये 1.5 व्होल्ट प्रभार असतो.’ विज्ञानाच्या सरांनी ‘व्होल्ट’खाली लाल रेघ ओढली आणि समासात लिहिलं, ‘मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेत ये.’ स्मरणिकेसाठी लिहायला बसलो तर स्नेहसंमेलनं, बक्षिसं सगळी मागे राहिली. आधी आठवली ती लाल रेघ.

खरं तर आपली बोलीच फसवी. बॅटरी ‘चार्ज’ करायची, मग तिचा चार्ज ‘संपला’ म्हणायचं. टाकी आणि नळाचं उदाहरण वर्गात ऐकलं होतं, पण त्यातूनही मी एवढंच उचललं की पाणी जास्त तर जोर जास्त. म्हणजे प्रभार आणि व्होल्टेज एकच!

प्रयोगशाळेत टेबलावर काचेची बरणी होती. रबरी बुचातून आत सोडलेली जाड तार, तिच्या खालच्या टोकाला अॅल्युमिनियमच्या वर्खाच्या दोन पट्ट्या, वरच्या टोकाला पत्र्याची सपाट चकती. सरांनी प्लॅस्टिकची फूटपट्टी लोकरी कापडावर खसाखसा घासली आणि चकतीवरून ओढली. वर्खाच्या पट्ट्या फाकल्या. (हवा दमट असली की हा प्रयोग हमखास दगा देतो, त्या दिवशी नशीब चांगलं होतं.)

मग सरांनी तशीच दुसरी चकती हातात धरून वरून हळूहळू खाली आणली. शिवू दिली नाही. पट्ट्या मिटत आल्या.

“प्रभार गेला?”

“हो सर, गेला.”

सरांनी हात वर नेला. पट्ट्या पुन्हा फाकल्या, जवळपास पहिल्याइतक्याच.

गेलेला प्रभार परत आला कुठून? मी चकतीकडे बघतच राहिलो. तो गेलाच नव्हता. सरांच्या हातातली चकती त्यांच्या अंगातून जमिनीशी जोडलेली होती. तिच्यावर विरुद्ध प्रभार ओढला गेला आणि खालच्या चकतीवरचा तेवढाच प्रभार कमी व्होल्टेजवर नांदू लागला. पट्ट्या दाखवत होत्या ते व्होल्टेज. पुढे कळलं की ज्याच्या नावावरून ‘व्होल्ट’ आला त्या खुद्द व्होल्टाने 1780च्या दशकात हीच युक्ती क्षीण प्रभार ओळखायला वापरली होती.

प्रभार कूलोममध्ये मोजायचा; व्होल्ट म्हणजे दर कूलोममागे किती ज्यूल. हे पाठ होतंच, त्या सुट्टीत ते दिसलं. सेल उतरतो तेव्हाही प्रभार संपत नाही: एका टोकाने जेवढे इलेक्ट्रॉन बाहेर पडतात, तेवढेच दुसऱ्या टोकाने आत येतात. संपते ती आतल्या रसायनांची ऊर्जा.

आज मी पॉवर सप्लाय दुरुस्त करतो. 2000 मिलीअँपिअर-तासांचा सेल उतरेपर्यंत 7200 कूलोम फिरवतो, तरी तो खुशाल मुठीत धरावा. कपॅसिटर म्हणजे प्रभार साठवणारा भाग, मायक्रोफॅरड हे त्याच्या क्षमतेचं माप; 300 व्होल्टला भरलेल्या 100 मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमध्ये जेमतेम 0.03 कूलोम, पण त्याला बोट लावायचं धाडस मी करत नाही.

परवा हाताखालच्या मुलाने मीटर लावून विचारलं, “साहेब, 300 दाखवतंय. म्हणजे चार्ज किती?”

म्हटलं, “कपॅसिटर केवढा आहे, ते आधी वाच.”