तुम्ही विचारलंत म्हणून: आरोग्य विम्यात अर्धवट तडजोड घ्यावी का?

‘सगळ्यांना एकच सरकारी विमा मिळेपर्यंत अडून बसायचं, की आज जे पुढे आलंय ते पदरात पाडून घ्यायचं?’ दर निवडणुकीच्या आधी कुणी ना कुणी मला हे विचारतंच. मी अमेरिकेत रुग्णालयाच्या बिलिंग विभागात काम करते. पेशंटच्या बाजूने विमा कंपन्यांशी पत्रापत्री करणं, नाकारलेले क्लेम पुन्हा पाठवणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे याचं उत्तर माझ्याकडे असणार असं लोक धरून चालतात. विचारणारे बहुतेक तरुण असतात आणि मी ‘अडून बसा’ म्हणावं अशी त्यांची मनापासून इच्छा असते. मलाही सगळ्यांसाठी एकच विमा हवा आहे. तरीही माझं उत्तर ‘घ्या’ असंच आहे. फक्त कशावर पाणी सोडताय ते नीट बघून घ्या.

हा प्रश्न सगळ्यात तापला होता तो डिसेंबर २००९ मध्ये. प्रतिनिधीगृहाने ७ नोव्हेंबरला २२० विरुद्ध २१५ मतांनी जे विधेयक मंजूर केलं होतं, त्यात खासगी कंपन्यांच्या जोडीला सरकारी विम्याचा पर्याय होता, तोच तो ‘पब्लिक ऑप्शन’. सेनेटमध्ये फिलिबस्टर (चर्चा लांबवत विधेयक अडवून धरण्याची खेळी) मोडायला ६० मतं लागणार होती आणि डेमोक्रॅट्स व त्यांच्यासोबतचे अपक्ष मिळून होते बरोबर ६०. त्यातले जो लीबरमन अडले. आधी पब्लिक ऑप्शन गेला, मग मेडिकेअर, म्हणजे पासष्टच्या पुढच्यांचा सरकारी विमा, पंचावन्नच्या पुढच्यांना विकत घेऊ देण्याची कल्पनाही गेली. व्हरमाँटचे माजी गव्हर्नर हॉवर्ड डीन स्वतः डॉक्टर. त्यांनी उघडपणे सांगितलं की यापेक्षा हे विधेयक पाडलेलं बरं. सेनेटने ते २४ डिसेंबरला ६० विरुद्ध ३९ ने मंजूर केलं. जानेवारीत मॅसॅच्युसेट्सची पोटनिवडणूक रिपब्लिकन पक्षाने जिंकली आणि ६० चे ५९ झाले. पब्लिक ऑप्शन परत आणायची वाट तिथेच खुंटली. मार्चमध्ये प्रतिनिधीगृहाने सेनेटचंच विधेयक २१९ विरुद्ध २१२ ने स्वीकारलं आणि २३ मार्च २०१० ला ओबामांनी सही केली. हाच तो ‘ओबामाकेअर’ कायदा.

डीन यांचं म्हणणं मला तेव्हाही पटलं नव्हतं. का, ते सांगायचं तर त्याआधीचे दिवस सांगावे लागतील. नोकरीतून विमा न मिळणाऱ्या माणसाला तेव्हा अर्जासोबत आपल्या दुखण्यांची सगळी कुंडली द्यावी लागे. जुनी पाठदुखी, दमा, आधीचं सिझेरियन, कशावरूनही नकार येई. बरं, अर्ज मंजूर झाला म्हणजे सुटलो असंही नव्हतं. एका बाईंचं प्रकरण माझ्या टेबलावर आलं होतं. स्तनाचा कर्करोग, केमो सुरू झालेली. मध्येच विमा कंपनीचं पत्र आलं. ‘हृदयाची काही तक्रार?’ या रकान्यात त्यांनी ‘नाही’ लिहिलं होतं, आणि कंपनीने जुने कागद मागवून एका डॉक्टरांच्या टिपणातली ओळ शोधली होती: धडधड, बहुधा कॉफी जास्त. कर्करोगाशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. पॉलिसी पहिल्या दिवसापासून रद्द, आणि पाकिटात भरलेल्या सगळ्या हप्त्यांचा चेक. म्हणजे आधी झालेल्या केमोचे पैसेही कंपनी रुग्णालयाकडून परत घेणार. ‘हा चेक वटवला तर रद्द करणं मला मान्य आहे असं होईल का?’ असं विचारत त्या माझ्यासमोर चेक धरून उभ्या होत्या. पैशांची तर त्यांना त्या आठवड्यात गरज होती.

२०१० च्या कायद्याने हा प्रकार बंद केला. फसवणूक किंवा मुद्दाम दिलेली खोटी माहिती असल्याशिवाय पॉलिसी अशी मागच्या तारखेपासून रद्द करता येत नाही. २०१४ पासून आधीच्या आजारावरून नकार देता येत नाही, की त्यासाठी जास्त हप्ता लावता येत नाही. आयुष्यभरात अमुक रकमेपर्यंतच पैसे देऊ, ही मर्यादाही गेली. २०१० मध्ये सुमारे १६ टक्के लोक विम्याबाहेर होते, २०१६ पर्यंत ते प्रमाण ९ टक्क्यांच्या आसपास आलं. पब्लिक ऑप्शनचा प्रश्न विमा कोण विकणार याचा होता, आणि तो महत्त्वाचा होताच. पण आजारी माणसाला दारातून आत घ्यायचं की नाही, हा त्याच्या आधीचा प्रश्न आहे, आणि तिथे त्या विधेयकाने हार मानली नव्हती.

न घेतलेल्या तडजोडीचं काय होतं, याचाही दाखला आहे. फेब्रुवारी १९७४ मध्ये तेव्हाचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी काँग्रेसपुढे (अमेरिकी संसदेपुढे) योजना ठेवली की प्रत्येक मालकाने पूर्णवेळ नोकरांना विमा द्यायचा आणि उरलेल्यांसाठी सरकारी मदतीची सोय करायची. समोर होते डेमोक्रॅट सेनेटर एडवर्ड केनेडी, ज्यांना सगळ्यांसाठी सरकारी विमा हवा होता. केनेडी त्या वर्षी दोन पावलं मागे आले, प्रतिनिधीगृहातले वजनदार नेते विल्बर मिल्स यांच्यासोबत त्यांनी मधला मसुदाही आणला. कामगार संघटनांना मात्र घाई नको होती. निक्सन अडकलेल्या वॉटरगेट प्रकरणामुळे नोव्हेंबरच्या निवडणुकीत डेमोक्रॅट्सचं पारडं जड होणार, मग हवं ते पुरतं घेऊ, असा त्यांचा हिशेब. पारडं जड झालंही. विमा आला नाही. निक्सन ऑगस्टमध्येच गेले होते, मंदी आणि महागाईत विषय मागे पडला. ती संधी घालवल्याची खंत केनेडींनी पुढे बोलून दाखवली. ५० पेक्षा कमी पूर्णवेळ नोकर असलेल्या मालकांना २०१० चा कायदा सक्तीतून मोकळं सोडतो, निक्सन यांची योजना सोडत नव्हती. मध्ये ३६ वर्षं गेली. त्या वर्षांत विम्याविना आजारी पडलेली सगळी माणसं ‘थांबू या’ म्हणण्याच्या खात्यावर लिहावी लागतील. आज थांबायचा सल्ला देणाऱ्यांनी हे खातं उघडून बघावं, एवढीच माझी विनंती असते.

सोडायचं काय, हे मी शिकले ते ब्रिटनचे तेव्हाचे आरोग्यमंत्री अन्युरिन बेव्हन यांच्याकडे बघून. त्यांच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेला डॉक्टरांच्या संघटनेचा कडवा विरोध होता. ५ जुलै १९४८ ला सेवा सुरू व्हावी म्हणून बेव्हन यांनी बरंच सोडलं. फॅमिली डॉक्टर सरकारचे पगारी नोकर झाले नाहीत, ते कंत्राटावरच राहिले. मोठ्या डॉक्टरांना खासगी प्रॅक्टिस ठेवता आली, सरकारी रुग्णालयांत पैसे भरणाऱ्या पेशंटसाठी खाटाही ठेवता आल्या. त्यांच्या पक्षातल्या कित्येकांना हे झोंबलं. पण उपचाराच्या वेळी पेशंटने खिशात हात घालायचा नाही, हे बेव्हन यांनी सोडलं नाही. १९५१ मध्ये सरकारने दातांच्या कवळ्या आणि चष्म्यांवर शुल्क लावायचं ठरवलं, तेव्हा याच माणसाने मंत्रिपदाचा राजीनामा दिला. डॉक्टरांशी इतकी देवाणघेवाण करणारा नेता कवळीच्या शुल्कावरून मंत्रिमंडळ सोडतो, यात मला विसंगती दिसत नाही. कुठली गोष्ट विकाऊ आहे आणि कुठली नाही, हे त्यांनी आधीच ठरवलेलं होतं.

कॅनडाही पायरीपायरीनेच गेला. टॉमी डग्लस मुख्यमंत्री असलेल्या सस्कॅचवान प्रांताने १९४७ मध्ये फक्त रुग्णालयाचा खर्च उचलला, डॉक्टरांच्या फीचा विमा १९६२ मध्ये आला, तोही डॉक्टरांच्या संपाला तोंड देत. दात आणि बाहेरून घ्यायची औषधं तर पुढेही बहुतेक बाहेरच राहिली. म्हणजे तडजोड तिथेही झाली, पण ती सेवांमध्ये. रुग्णालय सगळ्यांना मिळालं आणि बाहेरची औषधं त्या विम्यात कुणालाच नाहीत. अमेरिकेने १९६५ मध्ये काप घेतला तो माणसांमध्ये: पासष्टच्या पुढच्यांना मेडिकेअर, काही गरिबांना मेडिकेड, बाकीच्यांनी आपलं बघावं. सगळ्यांना थोडं मिळालं की उरलेलं मागायलाही सगळेच येतात. काहींना सगळं मिळालं की बाहेर राहिलेल्यांसाठी बोलणारे कमी होतात. म्हणून तडजोडीचा मसुदा हातात आला की त्यातली रेष सेवांमधून जाते की माणसांमधून, हे मी आधी बघते.

माणसांमधून गेलेली रेष कशी असते ते टेक्साससारख्या राज्यात दिसतं. २०१० च्या कायद्यात गरिबांसाठी मेडिकेड वाढणार होतं आणि त्यावरच्या उत्पन्नाला खासगी विम्यासाठी सबसिडी मिळणार होती. जून २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने मेडिकेड वाढवणं राज्यांच्या मर्जीवर सोडलं. कायदा लिहिताना ही शक्यता कुणी धरलीच नव्हती, त्यामुळे दारिद्र्यरेषेखालच्यांना सबसिडी ठेवलेली नव्हती. परिणाम असा की मूलबाळ नसलेला, धडधाकट माणूस वर्षाला २०,००० डॉलर कमावत असेल तर त्याला मदत मिळते, १२,००० कमावत असेल तर काहीच नाही. हे काउंटरवर समोर बसलेल्या माणसाला समजावून सांगावं लागतं. तो दोनदा विचारतो, कारण आपण उलट ऐकलं असं त्याला वाटतं. १० राज्यं अजूनही त्या विस्ताराबाहेर आहेत. कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरितांना तर बहुतेक राज्यांत स्वतःचे पूर्ण पैसे भरूनही या कायद्याने उभ्या केलेल्या सरकारी विमा-बाजारात विमा घेता येत नाही. २०१० च्या तडजोडीतला हा भाग मला आजही सलतो.

काही तडजोडी मात्र घेऊच नयेत, कारण त्या उभ्याच राहत नाहीत. वॉशिंग्टन राज्याने १९९३ मध्ये मोठी सुधारणा केली: कुणाला नाकारायचं नाही आणि विमा सगळ्यांनी घ्यायचा. दोनच वर्षांत सक्तीचा भाग रद्द झाला, न नाकारण्याचा नियम बराचसा राहिला. लोक आजारी पडल्यावर विमा घेऊ लागले, हप्ते चढले, निरोगी माणसं बाहेर पडली, आणि १९९९ च्या अखेरीस राज्याच्या बहुतेक भागात वैयक्तिक पॉलिसी विकणारी कंपनीच उरली नाही. पुढे २०१९ पासून ओबामाकेअरमधला विमा न घेतल्याबद्दलचा दंड शून्यावर आला तेव्हा तसंच होणार असं अनेकांना वाटलं होतं. झालं नाही, कारण या वेळी सबसिडीने निरोगी माणसांना आत धरून ठेवलं. म्हणजे सक्ती किंवा सबसिडी, काहीतरी घट्ट हवंच. दोन्ही सोडून फक्त ‘नाकारू नका’ एवढा गोड भाग कुणी देऊ केला तर तो घेऊ नका.

आणि एक गोष्ट तपासा: पुढच्या सुधारणेचं दार बंद करणारी ओळ मसुद्यात आहे का. २००३ च्या कायद्याने मेडिकेअरच्या वृद्धांना औषधांचा विमा दिला, तो २००६ मध्ये सुरू झाला. कित्येक म्हातारी माणसं तोवर गोळ्या अर्ध्या करून घेत होती, त्यामुळे हा लाभ खरा होता. पण त्यात एक कलम होतं की औषधांच्या किमतींवर सरकारने कंपन्यांशी घासाघीस करायची नाही. ते कलम ढिलं व्हायला २०२२ उजाडलं, आणि घासाघीस करून ठरलेल्या पहिल्या १० औषधांच्या किमती लागू झाल्या जानेवारी २०२६ मध्ये. औषध विम्याच्या बाजूने मी तेव्हाही बोलले असते. जोर मात्र त्या एका कलमावर लावला असता. याउलट, विमा कंपनीच्या यादीबाहेरच्या डॉक्टर-रुग्णालयांकडून अचानक येणाऱ्या बिलांविरुद्धचा २०२२ पासूनचा कायदा बघा. त्याने हेलिकॉप्टर अ‍ॅम्ब्युलन्स आत घेतली आणि रस्त्यावरची अ‍ॅम्ब्युलन्स बाहेर ठेवली. हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसाचं रुग्णालयाचं सगळं बिल मी नीट लावून देते आणि त्याच्या घरी अ‍ॅम्ब्युलन्सचं वेगळं बिल जातं, ज्यावर माझा काही इलाज चालत नाही. तरी तो कायदा मी घेतलाच असता, कारण त्याने अ‍ॅम्ब्युलन्सचा रस्ता बंद केलेला नाही. कॅलिफोर्नियासारख्या राज्यांनी तो भाग स्वतः हाती घेतलाय.

हल्ली तुम्ही हा प्रश्न विचारता तो बहुतेक ओबामाकेअरच्या हप्त्यांवर मिळणाऱ्या वाढीव सबसिडीमुळे. ती २०२१ मध्ये आली आणि २०२५ च्या अखेरीस संपली. ती परत आणायची तर काय सोडावं? वरच्या उत्पन्नावर मर्यादा घालायची म्हणत असतील, तर ती पुरेशी उंच ठेवून मी मान्य करेन. दोनच वर्षांची मुदत म्हणत असतील तर तेही घेईन, नाइलाजाने. पण ‘गरिबातल्या गरिबानेही दरमहा थोडातरी हप्ता भरावा’ अशी अट असेल तर मी नाही म्हणेन. आकडा किरकोळ दिसतो, पण ज्याचं बँक खातं नाही, पत्ता दर काही महिन्यांनी बदलतो, त्याची पॉलिसी त्या किरकोळ थकबाकीवरून बंद पडते आणि ते त्याला कळतं आमच्या काउंटरवर, तातडीच्या विभागातून बाहेर येताना.  ही अट काढून टाकायला ते तयार झाले, तर बाकीच्या मसुद्यावर खुशाल बसून बोला.