एकाचे दोन, पण कुठून?

देणग्यांच्या आवाहनाचा शेवटचा दिवस होता. यूके एड मॅच ही ब्रिटिश सरकारची 2011 पासूनची योजना. परदेशातल्या गरिबीवर काम करणाऱ्या निवडक संस्थांना ब्रिटनमधल्या लोकांनी ठरलेल्या तीन महिन्यांत जेवढं दिलं, तेवढंच सरकार घालतं, जास्तीत जास्त 20 लाख पौंड. आमच्या छोट्या संस्थेत देणग्यांची नोंद माझ्याकडे.

पैसे मोजणं सोपं, ते वेगळे करणंच अवघड. आधीपासून चालू असलेली मासिक वर्गणी या आवाहनाची नव्हे, ती बाजूला काढायची. पुण्याहून कुणा मावशीने पाठवलेले पैसे सुंदर, पण दाता ब्रिटनमध्ये राहत नाही, तेही बाजूला. डब्यातली रोकड दोघांनी मोजायची, सह्या करायच्या. तिथे नावं नसतात, म्हणून गिफ्ट एडचं, म्हणजे दात्याने भरलेला कर संस्थेला मिळवून देणाऱ्या सवलतीचं, घोषणापत्रही नाही. लहान देणग्यांच्या वेगळ्या सवलतीत ती बसवता येते, पण एका वेळी 30 पौंडांपर्यंतची आणि वर्षाला 8,000 पौंडांच्या मर्यादेत. आमच्या प्रचारवाल्यांनी पोस्टरवर ‘दुप्पट’ हातभर मोठ्या अक्षरांत छापलं आणि देणगीच्या फॉर्मवर आवाहनाचा कोड विसरले. तीन महिने मी चिठ्ठ्या जुळवत बसले.

दुपारी एका दंतवैद्यांचा फोन आला. माझं आडनाव ऐकून ते लगेच मराठीत आले.

“मी 100 दिले, गिफ्ट एडचे 25 झाले, सरकारने तेवढेच घातले. म्हणजे 250 ना?”

“225, काका. गिफ्ट एडवर सरकार जोड देत नाही. 100 वर 100, आणि करखात्याकडून आम्ही मागून घेतो ते 25.”

“बरं. आणि सरकारचे 100 माझ्याच करातले ना? मी दिलेच नसते, तर ते पडून राहिले असते का?”

आमच्या छापील उत्तरांत हा प्रश्न नाही. मदतीचं एकूण बजेट राष्ट्रीय उत्पन्नाच्या टक्क्यांवर ठरतं. 2020 पर्यंत 0.7 होतं, 2021 पासून 0.5, आणि 2027 पर्यंत 0.3 वर आणायचं जाहीर झालंय. म्हणजे त्यांच्या देणगीने सरकारी तिजोरीतून जास्तीचा पौंड निघत नाही. मदतीसाठी ठेवलेलाच पौंड दुसरीकडे जायचा तो आमच्याकडे वळतो. तसंच सांगितलं.

“आणि माझे 100 त्याच कामाला?”

इथे मी अडखळले. सरकारचा पैसा आधी मंजूर झालेल्या प्रकल्पालाच जातो, कमाल तीन वर्षांत खर्चायचा. लोकांचा पैसा मात्र आवाहनात लिहिलं असेल तिथे. आमच्या आवाहनात बारीक अक्षरांत ‘आमच्या सर्व कामासाठी’ असं होतं.

“म्हणजे सरकारचा पौंड विहिरीला, आणि माझा तुमच्या ऑफिसच्या भाड्याला?”

“थोडा भाड्यालाही, हो.”

ते मोठ्याने हसले आणि फोन ठेवला. मला वाटलं, हा दाता गेला. पोस्टरवर ‘दुप्पट’ऐवजी ‘सरकारी मदतीतला एक पौंड तुम्ही इकडे वळवता’ असं छापलं असतं, तर किती आले असते? खरं तेच आहे, पण असं पोस्टर आमच्याकडे कुणी मंजूर करणार नाही.

रात्री 10:40 ला त्यांचा ऑनलाइन फॉर्म आला. आणखी 100 पौंड, गिफ्ट एडच्या चौकटीत खूण. पत्ता दवाखान्याचा दिला होता. घोषणापत्राला घराचाच पत्ता लागतो, त्यामुळे सकाळी पुन्हा फोन करावा लागला.