जांभळा रंग हातात बसेपर्यंत

डीएमएलटीला, म्हणजे लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाला, रत्नागिरीत आले तेव्हा ग्रॅम स्टेनिंग, म्हणजे जंतू रंगवून त्यांचे दोन गट ओळखायची पद्धत, मला सगळ्यात सोपं वाटलं होतं. स्लाइडवर नमुना पसरायचा, वाळवायचा, ज्योतीवरून फिरवायचा. जांभळं क्रिस्टल व्हायोलेट एक मिनिट, आयोडीन एक मिनिट, मग अल्कोहोलने धुवायचं आणि शेवटी गुलाबी सॅफ्रानिन. वहीत पाऊण पान. जुलैत प्रत्यक्ष करायला बसले आणि तीन आठवडे एक स्लाइड धड निघाली नाही.

आधी पावसाने छळलं. हवा इतकी दमट की नमुना वाळायचाच नाही. घाईने ओलाच ज्योतीवर धरला की तो शिजायचा आणि नळाखाली धरताच सुटून जायचा. मॅडम म्हणायच्या, "अगं, पंख्याखाली ठेव, वाळू दे आधी."

खरी गोम अल्कोहोलची. व्हायोलेट आणि आयोडीन मिळून जंतूच्या आत मोठे कण तयार होतात. जाड भिंतीचे जंतू ते धरून ठेवतात, पातळ भिंतीचे सोडतात आणि सॅफ्रानिनने गुलाबी होतात. पण अल्कोहोल काही सेकंद जास्त राहिलं की जाड भिंतवालेही रंग सोडतात. माझे जाड भिंतीचे स्टॅफिलोकोकाय चक्क गुलाबी दिसले! मग धास्तीने कमी धुतलं, तर पातळ भिंतीचे ई. कोलाय जांभळे. रुग्णाचा नमुना असता तर? डॉक्टर त्यावरून अँटिबायोटिक ठरवतात, या विचाराने रात्री झोप लागली नाही. १८८४ साली बर्लिनमध्ये हान्स क्रिश्चन ग्रॅम या डॅनिश डॉक्टरला ही पद्धत सापडली, तेव्हाही काही जंतूंचा रंग निघून जायचाच. आज सगळा उपयोग त्याच फरकाचा आहे.

गणपतीला घरी गेले तेव्हा नखांच्या कडा अजून जांभळ्या होत्या. आजीने हात धरून बघितला. "अगो बाय, हे तर आमचं चिखल्यांचं औषध!" लावणीत दिवसभर चिखलात उभं राहून बोटांच्या बेचक्या कुजायच्या, तेव्हा दवाखान्यातलं जांभळं पाणी कापसाने लावायचे. तेच हे. जेन्शन व्हायोलेट म्हणजे मुख्यतः क्रिस्टल व्हायोलेटच, अर्धा ते एक टक्का पाण्यात. ते बुरशीवर चालतं, आणि जंतूंपैकी जास्त करून जांभळे राहणाऱ्यांवरच. मला हे पुस्तकात वाचून माहीत होतं, पण आजीच्या पायांशी कधी जोडलंच नव्हतं. थोडं आण म्हणाली, तेव्हा मात्र नाही म्हटलं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत कर्करोगाशी संबंध दिसल्यामुळे कॅनडाच्या आरोग्य खात्याने २०१९ मध्ये या औषधाबद्दल इशारा दिला होता. चिखल्यांना आता दुसरी चांगली मलमं मिळतात.

परत आल्यावर मॅडमनी एकाच स्लाइडवर दोन ठिपके द्यायला लावले, एक ओळखीचा स्टॅफिलोकोकस, एक ई. कोलाय. या वेळी अल्कोहोल थेंबाथेंबाने सोडलं, ओघळ बिनरंगी होताच लगेच पाणी. शंभरच्या लेन्सखाली तेलाचा थेंब. एका ठिपक्यात द्राक्षाच्या घोसासारखे जांभळे गोळे, दुसऱ्यात गुलाबी काड्या. मॅडमनी डोळा लावला, थोडा वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "आकृती काढून घे वहीत."